डोक्यातले एकशे बेचाळीस व्हॉल्व्ह

२ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी आज माझी वही मागितली. कुठली वही? म्हटलं, चौतीस वर्षांत कामाची वही केली नाही. सगळं इथे आहे — आणि डोक्याला बोट लावून दाखवलं. शहरातले एकशे बेचाळीस व्हॉल्व्ह, कुठला कधी फिरवायचा, किती वळसे, कुठल्या झाकणाखाली विंचू निघतात. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. मनात जरा बरंच वाटलं ते सांगताना. खोटं कशाला लिहू?

मॅडम नवीन इंजिनिअर. वयाने माझ्या मुलीहून लहान. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "काका, अठ्ठावीस तारखेला तुम्ही रिटायर होणार. डोकं घरी घेऊन जाणार. मग आम्ही काय करायचं?"

माझ्या हाताखाली दोघांना दिलंय. एक मीटरवाली, म्हणजे पंधरा वर्षं घरोघरी मीटर वाचत फिरलेली बाई, आता बदली होऊन इकडे आलीय. दुसरा लंबू. सव्वासहा फूट, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये वाकला की कमरेत कळ येते त्याच्या. सव्वीस दिवसांत या दोघांना तयार करायचं.

त्यासाठी मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. मधे एक गोळा, त्यात लिहिलं "टाकी". बाहेर रेघा. माइंड मॅप म्हणतात. मी नाक मुरडलं. पोरं शाळेत असली चित्रं काढतात.

३ फेब्रुवारी

दिवसभर "फांदी" एवढा एकच शब्द ऐकला. डोकं दुखतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मी सांगायचं, मॅडमनी लिहायचं. टाकीतून मोठ्या लाइनीच्या चार फांद्या. प्रत्येकीला गल्ल्यांच्या फांद्या. गल्लीला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हला टाचण चिकटवायचं: "साडेसात वळसे, शेवटचा अर्धा जोर लावून." फोटोही चिकटतो. लंबू प्रत्येक झाकणाचा फोटो काढून आणतो. सगळ्यांत त्याची सावली मधोमध!

गंमत म्हणजे हे एकाच्या कॉम्प्युटरवर नाही. लिंक पाठवली की ज्याच्या त्याच्या फोनवर तेच चित्र. मीटरवाली तिकडे गल्लीत उभी राहून काही लिहिते, ते इथे ऑफिसात माझ्या डोळ्यांसमोर उमटतं. तिचं नाव लिहिलेला छोटा बाण फिरताना दिसतो.

मलाही लिहायला बसवलं. एक बोट लावलं आणि बाजाराची अख्खी फांदी गायब. बावीस व्हॉल्व्ह! मॅडम म्हणाल्या, "काका, वरचा उलटा बाण दाबा." दाबला. सगळं परत जागच्या जागी. अशी सोय संसारात असती तर काय बहार होती.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेलो. चढावरच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. भाऊजी गेल्यापासून एकटीच. पाणी वर चढत नाही, खालच्या नळावर बारीक धारेने येतं. बादली लावून बसायचं आणि अर्धी अर्धी वर न्यायची. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता उजवा बोलतोय. मी रविवारी गेलो की त्या दिवसाच्या जड बादल्या वर नेऊन देतो. बाकी सहा दिवस तिचं तीच.

"तुझा भाऊ पाणी सोडतो आणि तुझ्या घरी पाणी नाही," असं शेजारीण चिडवते म्हणे. ताई हसते. वसाहतीच्या मीटिंगमध्ये मी मागे उभं राहून सांगितलंच होतं सगळ्यांना — तुम्ही उंचावर आहात, पाण्याला पाय नसतात, जेवढं चढेल तेवढंच मिळणार. बहीण राहते म्हणून तिच्या गल्लीला जास्त सोडलं असं कुणी म्हणायला नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मान्य करतो. चीज आहे ही!

मी मुद्दाम उशिरा गेलो. सकाळची पाळी लंबूवर सोडली. फोनवर चित्र उघडून त्याने एकट्याने पूर्वेकडच्या भागाला पाणी सोडलं. सोळा व्हॉल्व्ह, एकही चूक नाही. मला हेच शिकायला दीड वर्ष लागलं होतं, तेही माझ्या वस्तादाच्या शिव्या खाऊन. वस्ताद एका दिवसाला एकच व्हॉल्व्ह दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा नाही, थेट फिरवायला लावायचा.

मॅडमची शिकवायची तऱ्हा बघत होतो. फांद्या मिटवता येतात. मिटवायच्या आणि विचारायचं, "दवाखान्याचं पाणी बंद करायचंय, पण शाळेचं चालू हवं. कुठून जाल?" मीटरवाली डोळे मिटून सांगते, मग फांदी उघडून ताडून बघायचं. चुकली तर पुन्हा. ओरडणं नाही, चेहरा वाकडा नाही. चौतीस वर्षांत मी कुणाला शिकवलंच नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, माझ्या मागे ये आणि बघ. मागून येणाऱ्याला माझी पाठच दिसायची.

१४ फेब्रुवारी

अग्निशमनवाल्यांना लिंक दिली. त्यांना फक्त बघता येतं, बदलता येत नाही. त्यांचा साहेब म्हणाला, आग लागली की आम्ही तुम्हाला फोन करायचो, तुम्ही उचलेपर्यंत जीव टांगणीला. तक्रार खिडकीवरच्या बाईंनाही दिली. आता कुणी "आमच्याकडे पाणी का नाही" म्हणून आलं की त्या खुर्चीवरून न उठता सांगतात. पूर्वी मला शोधत फिरायच्या.

दिवसभरात मला एकही फोन नाही. दोनदा फोन बंद तर नाही ना ते बघितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मीटरवालीने काल घरी बसून काय केलं, तर प्रत्येक गल्लीच्या गोळ्याला आकडे चिकटवले. किती घरं, दर घरामागे महिन्याला पाणी किती. कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम खूश झाल्या, मीही. हुशार बाई.

मग चहाच्या वेळी तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "दादा, ही चढावरची वसाहत. एकतीस घरं. पाणी बाकीच्यांच्या निम्मं."

"उंचावर आहेत ना," मी म्हटलं.

"पण ही शेजारची फांदी बघा. दवाखान्यामागची गल्ली. हिला पूर्ण मिळतं."

"ती खाली आहे."

"नाही दादा. मी दोन्ही चढ पायांनी चढलेय पंधरा वर्षं. दवाखान्यामागचा जास्त आहे. तिथे मला मधे बसावं लागतं."

लंबूने फोनवर उंची बघितली. तिचंच खरं. अकरा फूट जास्त. दोन्ही गल्ल्या एकाच टाकीवर. माझ्या डोक्यात त्या दोन गल्ल्या दोन वेगळ्या फेऱ्यांमध्ये होत्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या.

"मग पाणी अडतंय कुठे?" मॅडमनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघतो.

१८ फेब्रुवारी

वसाहतीच्या कोपऱ्यावरून दोनदा गेलो. तिथल्या व्हॉल्व्हचं झाकण उघडलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार



कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह मीच उघडला होता, बावीस वर्षांपूर्वी, वसाहतीची नवी लाइन सुरू झाली त्या दिवशी. तो कायम उघडाच ठेवायचा, म्हणून पुन्हा कधी हात लावला नाही. आज लंबूला बरोबर घेतलं. झाकणावर डांबर चढलेलं, पहारीने काढलं. चावी लावली, डावीकडे फिरवून बघितली. घट्ट. म्हणजे पूर्ण उघडा. लंबूला म्हटलं, बघ, उघडाच आहे, दोष दुसरीकडे कुठेतरी असणार.

लंबू आत वाकून टॉर्च मारत होता. "काका, याच्या डोक्यावर बाण कोरलाय. उघडायचा बाण उजवीकडे आहे."

मी खाली उतरून बोटाने गंज खरवडला. बाण उजवीकडे. शहरातले बाकीचे सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात. हा एकटाच दुसऱ्या कारखान्याचा, उलटा. त्या दिवशी मी बाण बघितलाच नाही. सवयीने डावीकडे फिरवला, घट्ट होईपर्यंत, आणि उघडला म्हणून निघून गेलो. बंद करून गेलो होतो मी! एवढी वर्षं ती एकतीस घरं खालच्या बाजूच्या जुन्या बारीक पाइपावर जगली.

उजवीकडे फिरवला. हलेना. लंबूने जोर लावला. तिसऱ्या वळशाला पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला. लंबू आनंदाने ओरडला. मी चेंबरच्या काठावर बसून राहिलो.

एकतीस घरं. त्यातलं एक ताईचं. आणि तिचे गुडघे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता कारवाईची चिठ्ठी निघेल, निरोप समारंभ वगैरे राहिला बाजूला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, मॅप केला नसता तर अजून बावीस वर्षं गेली असती. तुम्ही तो करू दिलात."

टाचण मीच लिहिलं. एका बोटाने, वीस मिनिटं लागली. "हा व्हॉल्व्ह उलटा. उजवीकडे उघडतो. बावीस वर्षं माझ्या चुकीने बंद होता." मॅडम म्हणाल्या, शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल. मी म्हटलं, असू दे. पुढच्याने बाण बघावा म्हणून कारण लागतं. अग्निशमनवाले वाचतील, तक्रार खिडकीवाल्या बाई वाचतील. वाचू देत.

मीटरवालीने संध्याकाळी जाताना माझा डबा घासून टेबलावर ठेवला होता. तिने तो कधी घासला नव्हता.

या बाईचं मला खरंच कौतुक वाटतं. आकडे सगळ्यांकडे होते, चढही सगळ्यांनाच चढता आला असता.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे. दुसऱ्या मजल्यावर नळाला पाणी! वसाहतीत बायका एकमेकींना गॅलरीतून हाका मारून सांगत होत्या. शेजारणीने मला पेढा दिल्यासारखं तोंड करून विचारलं, "काय जादू केलीत जाता जाता?"

सांगायचं ठरवून गेलो होतो. जिभेवर आलं, आणि गिळलं. ताई नळाखाली हात धरून उभी होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली. कसं आलं, का आलं, काही विचारलं नाही. मी भरायला बादली उचलली, तर म्हणाली, ठेव ती, आता कशाला.

पळून आल्यासारखा घरी आलो.

२५ फेब्रुवारी

मॅप पूर्ण झाला. एकशे बेचाळीस म्हणत होतो, भरले एकशे एकोणपन्नास. सात तर मी मोजायलाच विसरलो होतो! मॅडमनी सगळ्या फांद्या एकदम उघडून मोठ्या स्क्रीनवर दाखवल्या. माझं डोकं भिंतीवर पसरलेलं, आणि त्यात दुसऱ्यांनी भर घातलेली. लंबूच्या सावल्यांसकट. फार देखणं दिसत होतं. डोळे भरून आले, चष्मा पुसायचा बहाणा केला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निरोप झाला. शाल नको म्हटलं होतं, तरी दिलीच. बोलायला उभं केलं तेव्हा ताईच्या वसाहतीच्या व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली, न लपवता. टाळ्या कशाला वाजवल्या कळलं नाही. मॅडमनी मला मॅपमध्ये कायमचा ठेवलाय, बदल करायच्या अधिकारासकट. "काही आठवलं तर लिहा," म्हणाल्या.

ऑफिसातल्या लोकांना सांगितलं, आणि ताईला नाही.

१ मार्च, रविवार

ताईला सांगितलं. "मला माहीत होतं," म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नळाचं काम करायला आलेल्या प्लंबरने सांगितलं होतं, कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बंद दिसतो, तक्रार करा. "तू चारचौघांत सांगून बसला होतास, पाणी चढत नाही म्हणून. आणि त्याच वर्षी तुझी बढती होती. तक्रार केली असती तर तुझा शब्द खाली पडला असता."

बाकीच्या तीस घरांचं काय, विचारलं. "ते माझ्या माथी," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. दोन्ही हातांनी टेबल धरून उठली.