घसरायचं सामान

गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आई-वडिलांना आणि बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे मी या वेळी बाबांना विचारून पक्कं केलं आहे. मागच्या पत्रात मी तुम्हांला तीर्थरूप लिहिलं होतं. ते कृपया पेनाने सुधारून घ्यावं.) तुमची पाठ आता कशी आहे? मामींचा खोकला पूर्ण गेला, की फक्त पाहुणे आल्यावर थांबतो? इकडे आम्ही सगळे बरे आहोत आणि तुमची मोटारसायकल ठीक आहे. ‘ठीक’ हा शब्द मी बराच विचार करून निवडला आहे.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही ‘मुद्द्यावर ये’ म्हणता आणि मुद्द्यावर येईपर्यंत मला मुद्दा आठवत नाही. शिवाय फोन घरात जिथे ठेवलेला असतो तिथेच आई बसते आणि कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणून मुद्दा आधीच लिहून टाकतो. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी तुमच्या गाडीसकट कारखान्याच्या दारात उभा राहिलो, तर तयार काचा चष्म्याच्या दुकानांत पोचवण्याचं काम मला मिळेल. नाही राहिलो, तर ते दुसऱ्याला जाईल आणि मी मागच्या खोलीत बसून डाव्या डोळ्याच्या काचा डाव्या पाकिटात आणि उजव्या डोळ्याच्या उजव्या पाकिटात भरत राहीन. तीन वर्षं भरतो आहे. एकदाही चुकलो नाही, आणि मालकांच्या मते हीच अडचण आहे. ‘तुझ्यासारखा माणूस त्या खोलीतून हलवायला मन होत नाही,’ असं ते म्हणतात.

आता आईची अट. तुम्ही बदली होऊन जाताना गाडी माझ्या हवाली केलीत तेव्हा तिने तुमच्यासमोर मान डोलवली होती. तुमची पाठ वळल्यावर तिने गाडीवर चादर टाकली आणि सांगितलं, की गाडी पडली तरी पाय वाचेल असं काहीतरी बसवल्याशिवाय ही चादर निघणार नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. बाबा पडले तेव्हा गाडी चालूसुद्धा नव्हती, हे तुम्हांला माहीत आहे. फाटकाशी उभे होते, पाय टेकताना खडी सरकली आणि गाडी आडवी घोट्यावर आली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, वर्ष गेलं. बाबा अजून जिना आडवे होऊन उतरतात, पाट्या रंगवायला शिडीवर चढत नाहीत आणि माझी नववी अर्धी राहिली. (अर्धीच राहिली म्हणून बरं. पुढच्या अर्ध्यात बीजगणित होतं.) गल्लीत बाबांना अजून ‘उभ्या गाडीवरून पडलेले’ म्हणून ओळखतात. वेगात पडलेल्या माणसाला थोडा मान तरी असतो.

तर गेल्या गुरुवारपासून मी गाडीला काय बसवावं याचा अभ्यास करतो आहे. पहिला विचार अर्थातच मोठ्या लोखंडी गार्डचा. पण आपल्या बोळात जिन्याखाली मीटरची पेटी गुडघ्याच्या उंचीवर बाहेर आली आहे. तिथे मोकळी जागा चौसष्ट सेंटिमीटर आणि गार्डची रुंदी एकाहत्तर. मी तीन वेळा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना बाबा म्हणाले, ‘अरे, मोजून मोजून भिंत सरकणार आहे का?’ मग मेकॅनिकने (तोच, कानावर काडेपेटीची काडी ठेवणारा) फ्रेम स्लायडर सुचवले. इंजिनच्या दोन्ही बाजूंना, ते ज्या बोल्टने सांगाड्याला धरलेलं असतं त्याच जागी, मुठीएवढे दोन जाड गोल ठोकळे येतात. गाडी आडवी झाली की आधी ठोकळा जमिनीला टेकतो, रस्त्यावर स्वतः घासत जातो आणि इंजिन वाचतं. दोन्ही ठोकळे धरून रुंदी बावन्न. पेटीपाशी बारा सेंटिमीटर शिल्लक.

इथे माझी झोप उडाली, कारण ठोकळे तीन लांब्यांचे निघाले आणि दोन प्रकारचे. नायलॉनचा घासतो, धातूचा टिकतो पण रस्त्यात अडकू शकतो. आखूड असेल तर जमिनीपर्यंत पोचत नाही. फार लांब असेल तर पडताना तरफेसारखा वागून सांगाडाच वाकवतो. म्हणजे वाचवण्यासाठी लावायचा आणि त्यानेच मोडायचं. मेकॅनिकची युक्ती अशी, की हँडलच्या टोकापासून पाय ठेवायच्या दांडीपर्यंत दोरा ताणायचा आणि ठोकळा त्या दोऱ्याला लागला पाहिजे. आई काज-बटणांच्या कामाला जाते, तिच्या डब्यातलं रीळ घेऊन मी दोरा ताणला. मधला ठोकळा दोऱ्याला लागला. पण दोरा मी जोरात ताणला म्हणून लागला, की खरंच लागला? दुकानात पाचव्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने हात जोडले. ‘राजा, हे गाडीला लावायचंय का याची परीक्षा द्यायचीय?’ मधल्या लांबीचे, नायलॉनचे, काळे घेतले. मेकॅनिकने इंजिनखाली जॅक लावून ते बसवले. बोल्ट माप दाखवणाऱ्या पान्याने आवळा, असं मी म्हणालो, तर त्याने मनगट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, ‘हे बघ माप. वीस वर्षांत सेल बदलावा लागला नाही.’

आता माझी पहिली चूक. घरी आल्यावर आईने विचारलं, काय बसवलंस? मी ‘गार्ड’ म्हणालो असतो तर त्या क्षणी चादर निघाली असती. पण गार्ड ही वेगळी वस्तू आहे, स्लायडर ही वेगळी. खोटं कशाला बोला? मी म्हणालो, फ्रेम स्लायडर. म्हणजे काय? आता विचारलंच आहे तर नीट सांगावं म्हणून मी शब्दाला शब्द लावला आणि म्हणालो, चौकटघसरक. (एकत्र लिहायचं की तोडून, यावर मी अजून ठाम नाही.)

‘घसरक?’ आई म्हणाली. ‘मी गाडी पडू नये म्हणून जीव टाकतेय आणि तू घसरायचं सामान विकत घेऊन आलास?’

बाबा पाटीवरचा ब्रश न उचलता म्हणाले, ‘मी तर काही न बसवता घसरलो होतो. पोरगा सोय करून घेतोय.’

बाबांचे विनोद नेमके माझ्या कामाच्या वेळी चांगले होतात.

मग आईने ठरवलं, की प्रत्यक्ष पाडून दाखव. काल बुधवारी संध्याकाळी मागच्या अंगणात मी, मेकॅनिक, आई आणि खुर्चीवर बाबा असे जमलो. टाकीतलं पेट्रोल मी आधीच काढून डब्यात भरलं होतं आणि खाली अंथरायला गादी आणली होती. आईने गादी गुंडाळून परत पाठवली. ‘रस्त्यावर गादी घालून ठेवतात का तुझ्यासाठी?’ पायाच्या जागी तिने बाबांचा तेव्हाचाच बूट आणला (तो तिने कपाटात वरच्या खणात जपून ठेवला आहे हे मला कालच कळलं) आणि त्यात नडगी म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं लाटणं उभं केलं. गाडी हळूहळू आडवी करायची, पण शेवटची वीतभर सोडून द्यायची, कारण पडणं म्हणजे टेकवणं नव्हे, असं तिचं म्हणणं. मेकॅनिक माझ्या कानात म्हणाला, ‘काकूंना गॅरेजात घेऊ का मी?’

आधी उजवी बाजू. बूट मी ठेवला. सोडली. धप्प. ठोकळा फरशीवर टेकला, गाडी त्याच्यावर तोलून राहिली आणि इंजिनखाली बूट जसाच्या तसा. लाटणं शाबूत. मेकॅनिकने टाळी वाजवली, बाबा म्हणाले वा. माझा श्वास गुरुवारपासून पहिल्यांदा पूर्ण खाली गेला.

आई बुटाकडे बघत होती. मग तिने विचारलं, ‘गाडी चालवताना तू पाय इथे ठेवतोस?’

मामा, मी बूट ठोकळ्याच्या शेजारी ठेवला होता. तिथे कुणाचाच पाय नसतो. आईने गाडी उभी करायला लावली, बूट उचलला, डाव्या बाजूला आली आणि गिअरच्या दांडीशी, जिथे पाय असतो बरोबर तिथे, स्वतःच्या हाताने ठेवला. ‘यांचा डावाच होता,’ ती म्हणाली. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणू शकलो असतो. आम्ही गाडी कलती केली, वीतभर राहिली, सोडली.

लाटणं मोडलं. आवाज फार मोठा नव्हता. पण बाबांनी खुर्चीत पाय वर घेतला.

आईने गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तुला माहीत होतं?’ मी म्हणालो, म्हणजे तसं नक्की असं काही... तोवर बाबांनी ठोकळ्यांसोबत आलेला माहितीचा कागद खोक्यातून काढला होता. चार भाषांत छापलेला. आपल्या भाषेत खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे: ‘हे साधन वाहनाचे नुकसान कमी करण्यासाठी आहे. चालकाच्या शरीराचे रक्षण होईल याची हमी नाही.’ छापताना ‘शरीराचे’मधल्या ‘री’ला त्यांनी पहिली वेलांटी दिली होती आणि ती मी पेन्सिलने खोडून दुसरी करून ठेवली होती. बाबांनी वेलांटीवर बोट ठेवलं. उभा जन्म पाट्या रंगवलेला माणूस, दुरुस्ती लगेच दिसते त्यांना. म्हणाले, ‘वेलांटी बरोबर दिली आहेस.’ बस्स. एवढंच म्हणाले. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री जेवण गेलं असतं.

आई मोडकं लाटणं घेऊन आत गेली. चादर पुन्हा गाडीवर आहे. ठोकळे आपलं काम चोख करतात, इंजिनला ओरखडा नाही, पण अट इंजिनची नव्हती. ते मला रविवारी कागद वाचल्यापासून माहीत होतं, आणि सोमवार इतका जवळ होता की मी बूट एक हात पुढे ठेवला. हे मी कुणाकडे तरी कबूल करायचं म्हणून तुम्हांला लिहिलं. तुमच्याकडून मला काहीही नको आहे. मामींना नमस्कार, आणि पाठीला शेक घेत जावा.

तुमचा,
भाचा

ता. क. काहीही नको असं वर लिहिलं आहे ते पूर्ण खरं नाही. रविवारी आईला फोन करून, तुम्ही अकरा वर्षं काहीही न बसवता ती गाडी चालवलीत आणि पाय शाबूत आहेत, एवढं सांगाल का? तुमचं ती ऐकते. निदान पूर्ण ऐकून मग नाही म्हणते. आणि डावीकडचा मागचा इंडिकेटर फुटला आहे.

ता. क. २ (शुक्रवार, सकाळ). पत्र पाकिटात घालण्याआधी आईच्या पुढ्यात ठेवलं. पुन्हा काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. तिने सगळं वाचलं आणि बाजारात निघून गेली. येताना घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड चामड्याचे, हमालांसारखे बूट घेऊन आली. माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘याचा कागद वाच. मोठ्याने. खालून दुसरी ओळपण.’ खालून दुसऱ्या ओळीत फक्त ‘उन्हात वाळवू नये’ असं होतं. तर सोमवारी जा म्हणाली. पण पहिल्या दिवशी ती मागे बसणार. तिने कामावर रजाही सांगितली आहे. मामा, अकरा दुकानं आहेत. प्रत्येक दुकानात मी आईसह उतरणार. काहीही करून तिला परावृत्त करा. तुमची पाठ फार दुखते म्हणून तिला तिकडेच बोलावून घ्या.

ता. क. ३ (शुक्रवार, संध्याकाळ). फोन करू नका. आत्ताच तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. ठोकळे एकीकडे पेटीपासून आणि दुसरीकडे भिंतीपासून सहा-सहा सेंटिमीटर लांबून गेले. तिने माझा शर्ट पाठीमागून इतका घट्ट धरला होता की वरचं बटण तुटून कुठेतरी उडालं. टोकापर्यंत सात वेळा ‘हळू’ म्हणाली. मी मोजत होतो. टोकाला गाडी वळवायला लागलो तेव्हा म्हणाली, ‘इतक्यात कशाला वळतोस? अजून जरा पुढे घे.’ आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो.

पण आता काचांचा खोका कुठे ठेवू? तो मागच्या सीटवर बांधायचा होता. हे पत्र आज रात्रीच्या गाडीने पाठवतो, म्हणजे उद्या मिळेल; तुम्ही जाताना काढून नेलेल्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या रविवारच्या गाडीने पाठवून द्या. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे असं समजा.