मला सांगता येत नाही

सोलापूर,
सोमवार

प्रिय सोनाली,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी भीती होती. म्हणून पाकिटावरचा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून, चैतालीकडून लिहून घेतला. ही लबाडी आहे, ती आधीच सांगून टाकतो. दुसरं म्हणजे, परत ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. कोर्टात आपण दोघांनी सह्या केल्या, ते झालं. तू नाशिकला हॉस्पिटलात सिस्टर म्हणून छान रुळलीस असं चैताली म्हणाली. बरं वाटलं. आता निवांत बसून पुढचं वाच.

मी अजून त्याच कारखान्यात टॉवेल-चादरींची डिझाइनं काढतो. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी मला आठ दिवस नवी पेठेतल्या त्यांच्या दुकानात बसवलं, तिथला माणूस आजारी होता म्हणून. कारखान्यातल्या मागांची खडखड मला कधी त्रास देत नाही, ती एका तालात चालते. दुकानात ताल नव्हता. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या दुकानातलं गाणं, डोक्यावर कुरकुरणारी ट्यूब आणि समोर तीन बायका एकाच वेळी तीन वेगळे रंग मागत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी माझे शब्द संपले. खरोखरच संपले, तोंड उघडूनही काही येईना. मी काउंटरमागे खाली बसलो आणि कान दाबून धरले. लोक म्हणाले, अटॅक आला. दुकानात चादरींच्या घड्या घालणाऱ्या काशम्मा नावाच्या बाई आहेत, त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं आणि माझ्या अंगावर दोन जाड चादरी टाकल्या. तासाभरानं मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझ्या भावाच्या नातीचं बी असंच होतंय की, दिपकराव. तिची डॉक्टरीण हाय, तितं जाऊ आपण." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षात घालून घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी चार वेळा बोलावलं. किती प्रश्न विचारले! आईलाही बोलावून माझं लहानपण विचारलं. आई म्हणाली, "भाजीला भात लागला की ताट सारायचा. पाव्हणं आलं की पलंगाखाली. मला वाटायचं, मीच लाडावून ठिवला." चौथ्या वेळी डॉक्टरबाईंनी सांगितलं, मला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे. तो बरा करायचा आजार नाही, माझ्या मेंदूची घडणच तशी आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! मी हसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही जण रडतात. मी म्हणालो, मला वाटलं होतं तुम्ही सांगाल की मी वाईट माणूस आहे. रडली आई, आणि तीही "म्हंजी माझं काय चुकलं न्हाय व्हय?" असं तीन वेळा विचारून झाल्यावर.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. मी स्वतःत कधी मग्न नव्हतो गं. मी कायम समोरच्याकडे बघून हिशेब लावत असायचो, आता हसायचं का, आता उठायचं का, हे खरंच विचारतायत की उगाच. घरी येईपर्यंत अंगात काही उरायचं नाही. आता मी ते बंद केलंय. सरळ विचारतो, "तुम्ही रागावलात की दमलात?" लोक आधी दचकतात, मग खरं सांगतात. आई तर आता न विचारताच सांगते, "रागावली न्हाय मी, गुडघं दुखायलंय." मालक कामं कागदावर लिहून देतात. शर्टांच्या मानेमागच्या टोचणाऱ्या चिठ्ठ्या मी सगळ्या उसवून टाकल्या. तू पहिल्या दिवाळीला आणलेला निळा शर्ट मी घातला नाही, तो त्या चिठ्ठीपायी. रंग मला आवडला होता. हे सांगायला बारा वर्षं लागली.

तुझी आई गेली तेव्हाचंही सांगतो, कारण तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. घरात बायका मोठ्यानं रडत होत्या, तू आईच्या उशाशी होतीस आणि मी अंगणात जाऊन आलेल्या लोकांच्या चपला जोडीजोडीनं लावत होतो. तू दारातून पाहिलंस. तीन दिवसांनी म्हणालीस, "तुम्हाला काळीज हाय का न्हाय?" होतं, सोनाली. आतला आवाज मला सोसत नव्हता आणि तुला तिथे टाकून निघूनही जायचं नव्हतं. अंगण तेवढं मधे होतं. तुझ्या आईच्या दारात काहीतरी नीट करावं, एवढंच हातांना सुचलं.

रोज ड्युटीवरून आल्यावर तू दिवसभराचं सांगायचीस आणि मी म्हणायचो, "बरं." सगळं ऐकलं, असा माझ्या लेखी त्याचा अर्थ होता. तुझ्या वॉर्डातल्या त्या बार्शीच्या आजी, ज्या तुला लेक म्हणायच्या, त्यांचं नाव मला अजून आठवतं. पण तुला भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं, आणि ते बरोबर होतं. सहा वर्षं एकटीनं बोलत राहणं सोपं नसतं. तू गेलीस यात मला आज काहीच चूक दिसत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तू माहेरी गेल्यावर करमाळ्याला तुझ्या आबांच्या घरी बैठक बसली होती. तुझ्या चुलत्यांनी मला विचारलं, "पोरीचं काय चुकलं, ते मोकळेपणानं सांगा." मी बराच विचार केला. तुझं चुकलेलं मला काही सापडेना, आणि मग तू माहेरी का निघून आलीस तेही कळेना. म्हणून जे खरं होतं ते बोललो, "मला सांगता येत नाही." सगळे गप्प झाले. मला वाटलं, उत्तर पटलं. ते का गप्प झाले होते, हे गेल्या महिन्यात चैतालीनं सांगितलं तेव्हा कळलं. त्यांना वाटलं, पोरीचं काहीतरी लाजिरवाणं आहे आणि जावई भला म्हणून झाकतोय. त्या एका वाक्यावर आबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तुला दार बंद झालं. तू जीव तोडून सांगत होतीस, तसं काही नाही, मी त्या घरात एकटी पडले होते. कुणी खरं मानलं नाही. आणि मी इथे टॉवेलांच्या किनारी काढत होतो.

म्हणून काल, रविवारी, पहिल्या एसटीनं करमाळ्याला गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. चुलत्यांनाही बोलावून घेतलं, कारण तेव्हाही ते होते. उभा राहून वाचलं, की सोनालीचं काहीच चुकलं नव्हतं, तिच्या वागण्यात वावगं काही नव्हतं, मला असं असं आहे, आणि त्या दिवशीच्या माझ्या वाक्याचा तुम्ही काढलेला अर्थ चूक होता. आबांनी कागद मागून घेतला आणि ओळीखाली बोट धरून स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हंजी पोरगी खरं बोलत हुती." मी म्हणालो, हो. त्यांचा चेहरा मला वाचता येईना, म्हणून विचारलं, आबा, तुम्ही रागावलात का? "तुमच्यावर न्हाय," म्हणाले, "माझ्यावर." लगेच तुला फोन लावायला निघाले. मी थांबवलं. आधी तुला कळायला हवं, नाहीतर त्यांचा आवाज एकदम ऐकून तू कुठे, कशी असशील कोण जाणे. म्हणून हे पत्र. आज स्पीड पोस्टानं टाकतोय, गुरुवारपर्यंत पोचेल. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आबांचा फोन येईल. त्यांचा नंबर नवा आहे, शेवटी सात-शून्य-चार. उचलायचा की नाही हे तुझं तू ठरव, तुझ्यावर कसलीच सक्ती नाही. हे मी आबांनाही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "न्हाय उचलला तर त्याच्या फुडच्या रविवारी करीन. न्हायतर त्याच्या फुडच्या."

तुझा, मित्र म्हणून चालत असेल तर,
दिपक