नऊ दिवस गप्प बसलेला कर्नल

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (डाव्या, उजवा गुडघा अजून सुजलेलाच असेल). काकांचा खोकला उतरला का? फोनच केला असता, पण काका स्पीकर लावतात, आणि हे प्रकरण खोकत ऐकण्यासारखं नाही.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते हाताने काम शिकायला, असं बाबांना सांगितलंय. (माझ्या पुढच्या वर्गातली ती इथे नोकरीला लागली, हे फक्त तुला ठाऊक आहे. तुझ्यापाशीच राहू दे.) काम असं, की एक यंत्र अजून कारखान्यातून यायचंय, तोवर आमचा संगणक त्याचं सोंग घेतो. त्या सोंगासाठी मी लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र जागं करणारा गाभा, बांधायचा. नवरदेव जन्मायच्या आधी त्याचा कोट शिवण्यातला प्रकार. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं याची हजारो प्रश्नांची यादी असते. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मग बांधायला चाळीस मिनिटं.

आमच्याकडे शिस्त अशी की एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, मग बांधायचं. पहिल्याच दिवशी ती माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाली, "तयार यादी आहे तीच घे, उगाच हात लावू नकोस." सगळ्यांसमोर! आत्या, माझं डोकं तुला माहीत आहे. मी म्हटलं, तुझ्या यादीच्या कर्नलपेक्षा निम्म्या आकाराचा करून दाखवतो, आणि रागाच्या भरात दोनशेवर गोष्टी एका बैठकीत उडवल्या. वहीत लिहिलं, "किरकोळ सफाई."

कर्नल खरंच निम्मा झाला. सुरू केला तर पडदा काळा. अक्षर नाही. त्यानंतर नऊ दिवस मी बांधतोय, बघतोय, काळा. पुन्हा बांधतोय. पाठीचा कणा खुर्चीच्या आकाराचा झालाय, डोळ्यांत वाळू आहे, आणि चहाची चव कळेनाशी झालीय. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर घरी. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण तोंड कुठल्या तोंडाने उघडू? (नऊ दिवस मी तिला "जरा सरक" एवढंच म्हणालो. तेही पंख्याकडे बघून.)

शुक्रवारी साहेबांनीच तिला पाठवलं. तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. संगणकावर हात ठेवला आणि म्हणाली, "मेलेला कर्नल जागच्या जागी घिरट्या घालतो, संगणक तापून त्याचा पंखा ओरडायला लागतो. तुझा पंखा शांत आहे. अरे वेड्या, हा जिवंत आहे. तूच त्याचं तोंड शिवलंयस." यंत्र ज्या तारेतून बोलतं, ती सिरियल कन्सोलची ओळ मी सफाईत उडवली होती! म्हणजे नऊ दिवस तो बिचारा नीट जागा होत होता, हुकमाची वाट बघत बसत होता, आणि मी त्याला मेला समजून पुन्हा पुन्हा बांधत होतो. एक "नाही"चं "हो" केलं, चाळीस मिनिटं थांबलो, आणि ओळींमागून ओळी बोलत सुटला. ती हसली नाही. वहीत "किरकोळ सफाई" खोडून खरं कारण लिहिलं, तेही माझ्या नावाशिवाय.

नोकरी राहिली. बाकी तिच्याबद्दल आता मला काहीएक वाटत नाही. फार दमलोय, त्या भानगडीत पडायचं त्राण नाही.

तुझा,
डोक्यात राख घालणारा भाचा

ता. क. सोमवारपासून ती दुसऱ्या शहरातल्या शाखेत जातेय. कायमची.

ता. क. २. काकांना लग्नाचं तूच आधी विचारलं होतंस, असं आजी सांगायची. नेमकं काय म्हणालीस, ते लिहून पाठव. दोन ओळी पुरेत.

ता. क. ३. तुझं उत्तर सोमवारपर्यंत येणार नाही, हे वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं. टपालपेटी तिच्या घराच्या वाटेवर आहे, म्हणून पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट उघडंच आहे. (डिंकाची बाटली समोर आहे, भरलेली.) तेव्हा आत्या, एकच काम कर: पाकीट तुला चिकटवलेलं मिळालं की उघडं, तेवढं लगेच फोन करून सांग. स्पीकरवर असलं तरी चालेल.