दोनदा उकळलेलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

कुहीकडच्या त्या गावातून आत्ताच परतले. जेवणावर वासना नाही. शेवंताबाईंचं ते काळं पडलेलं पातेलं डोळ्यांपुढून हलत नाही.

महिन्यापूर्वी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, तान्ह्या नातीच्या वरच्या दुधाला हे चालेल का? अहवाल येईपर्यंत उकळून द्या, मी सवयीने म्हणाले. चहूबाजूंनी रासायनिक खत मारलेली शेतं दिसत असताना म्हणाले! काल अहवाल आला. नायट्रेट. खतातून विहिरीत उतरतं, तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी करतं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की वाढतंच. हे पाणी तपासणीला येणाऱ्या नव्या मुलींना मीच शिकवते ना?

आज गेले तर नात तीन दिवसांपासून नागपूरला दवाखान्यात. ओठ निळे पडलेले. आजी चुलीपुढे. दवाखान्यात पाठवायचं पाणी उकळत होत्या.

"या बाई! तुमी म्हनलं तसंच करून राहिलो. दोनदा उकळतो. सून म्हने, काहून एवढं सरपन जाळता? म्या म्हनलं, शिकेल बाई हाय, उगाच सांगल का?"

आधी डॉक्टरांना फोन करून नायट्रेटचं सांगितलं. पोरीचं आत्ताच काही सांगता येत नाही, म्हणाले. मग शेवंताबाईंना सगळं सांगितलं.

"मंग म्या जेवढं जास्त उकळलं..."

चूक माझी आहे, तुमची नाही, असं मी दोनदा म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. पाणी अंगणात ओतलं आणि राख घेऊन पातेलं घासायला बसल्या. मी निघाले तरी घासतच होत्या.