रत्नमालाले दिलेली पट्टी

राजदीपचे बाबा,

मी पहिल्या एसटीनं बोरी अरबले तुमच्या बहिणीकडे चालली. भाकरी टोपल्यात हाये, भाजी तुमची तुम्ही करा.

माझ्या कॅन्सरच्या गोळ्यांची एक पट्टी कपाटातून कुठं गेली, ते काल समजलं. रत्नमालाच फोनवर म्हणाली, "वहिनी, दादानं दिलेल्या गोळ्या चालू केल्या. आता नागपूरले मशीनचा शेक घ्यायले जात नाही."

अक्कल गहाण ठेवली का तुम्ही? डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं होतं. माझा कॅन्सर अंडाशयाचा, अन् माझ्या रक्तात जो दोष निघाला, तो असंन तरच ही गोळी लागू पडते. तिचा कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा, तिले रेडिएशनचा शेकच पाहिजे. पण शेजाऱ्याच्या कपाशीवरची अळी ज्या बाटलीनं मेली, तीच बाटली डोळे मिटून आपल्या वावरात मारायची, हीच तुमची सवय. ती आता बहिणीच्या जिवावर चालवली.

मले विचारलं काहून नाही? का ही तं जाणारच हाये, असं मनात धरून बसले?

आज तिले घेऊन नागपूरले जाते. तिचा शेक पुन्हा सुरू झाल्याशिवाय घरी येत नाही.

उरलेल्या गोळ्या संग घेतल्या. कपाट उघडंच ठेवलं हाये. माझ्या साड्या आतच हायेत, त्याही आत्ताच वाटून टाका.

राजदीपची आई