तुझ्या कादंबरीतला नावाडी

प्रिय गौरवी,

तुझी कादंबरी कमलआत्येने आणून दिली. केरीच्या धक्क्यावर फेरीबोट भरेपर्यंत मी सुकाणूच्या चाकाशी बसून ती वाचायचो. हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

धुकं फार छान उतरलंय. आपली नदी सकाळी अशीच असते, पलीकडचा काठ खरा आहे की भास, ते कळत नाही. नदी ओलांडायला बंदी असलेल्या त्या राज्यात एक मुलगा नि एक मुलगी आरशाने एकमेकांना उजेड पाठवतात, तिथे मी पुस्तक मिटून पाण्याकडे बघत राहिलो.

पण पहारेकरी फारच दुष्ट झालेत. शेवटची लढाईही घाईत उरकलीस. आणि तो नावाडी दोनशे पानांत एक शब्द बोलत नाही. मुलगी हाक मारते, तरी पाठ फिरवून वल्हं मारत राहतो. असा माणूस असतो का, असं मी कमलला विचारलं.

ती म्हणाली, "दादा, तू तसोच होतंस."

तीन वर्षांपूर्वी तू प्रशांतबरोबर माझ्याच बोटीत चढलीस. "बाबा, आम्ही लग्न करतोय," म्हणालीस. पलीकडचं तेरेखोल येईपर्यंत मी मान वळवली नाही. तुम्ही उतरून गेलात.

त्या नावाड्याला एक वाक्य दे, बाय. मला तेव्हा सुचलं नाही, आज सुचतंय : "उतरताना सांभाळ गो, फळी ओली आसा."

तुझा,
बाबा