खुडूक कोंबडी मी नेली आहे

दादा,

आपल्या पांढरीला कापायला न्यायला तू बोलावलेला कोंबडीवाला सकाळी आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. कापसासारख्या पिसांची ही बया स्वतः अंडी देत नाही, नुसती खुडूक होऊन उबवायला बसते, हे मलाही दिसतं. पण बाकीच्या कोंबड्या रोज तिला जरा सरकवून तिच्याच टोपलीत अंडी घालून जातात, ते तू कधी पाहिलंस? त्यांचा तिच्यावर भरवसा आहे.

तू मला न विचारता त्याला बोलावलंस, मी तुला न विचारता तिला टोपली-अंड्यांसकट मावशीकडे नेते आहे. दाणे आधी तांबडीपुढे टाक, नाहीतर ती कुणालाच खाऊ देत नाही.

शिव्या राखून ठेव. मी पिल्लं घेऊनच येईन.